विमा आहे, असं मी म्हणाले

आवाज झाला तेव्हा माझ्या एका हातात शॉवर होता आणि दुसरा हात आजोबांच्या खांद्यावर. आधी काहीतरी घासल्यासारखं, मग धाडकन, आणि लगेच कुठल्यातरी गाडीचा अलार्म कोकलायला लागला.

‘काय पडलं?’ आजोबांनी विचारलं.

‘बघते हं,’ म्हणून मी बाथरूमच्या खिडकीची काच सरकवली. तिथून रस्ता दिसायचा. आजोबांच्या लेटरबॉक्ससमोर, रस्त्याच्या कडेला, मी वीस मिनिटांपूर्वी माझी गाडी लावली होती. मी आत आल्यावर पाऊस भुरभुरायला लागला होता. आता तिथं ओल्या डांबरावर गाडीच्या मापाचा कोरडा चौकोन दिसत होता, आणि गाडी नव्हती.

आजोबा म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची कामं करते: आंघोळ, कपडे, गोळ्या, नाश्ता. नाशिकहून या देशात शिकायला आले ते बिझनेसचा डिप्लोमा करायला. त्या डिप्लोम्यातून नोकरी मिळाली नाही, ही मिळाली, आणि मला ती आवडलीसुद्धा. समोर मी सगळ्यांना नावानंच हाक मारते, इथे तशीच पद्धत आहे. मनात मात्र ते आजोबा. सत्त्याऐंशी वर्षांचे, डावी बाजू अर्धांगानं लुळी पडलेली, पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचे. हट खोऱ्याच्या पश्चिमेला टेकड्या आहेत, त्यातल्या एका अगदी उभ्या रस्त्यावर त्यांचं घर. आणि सकाळी साडेआठ ही त्या रस्त्यानं शाळेची मुलं उतरून बस पकडायला जाण्याची वेळ.

माझ्या डोक्यात गाडी आलीच नाही. ती मुलं आली.

मला धावत बाहेर जायचं होतं. पण शॉवरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. आणि मागच्या हिवाळ्यात हेच आजोबा याच जागी घसरून पडले होते. त्यांच्या डोक्यावर साबण होता. मी पाणी सोडलं. घाईत पाणी त्यांच्या कानात गेलं.

‘तुझी गाडी गेली ना खाली?’ ते म्हणाले. त्यांना खिडकीतलं काही दिसत नव्हतं, पण क्रेनवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाजावरून कळलं असावं. ‘जा तू. मी धरून बसतो.’

‘नाही.’

‘अगं जा, मी कुठं पळतोय?’

‘आधी तुम्हाला खुर्चीत बसवते.’

डोकं धुतलं, पाठ पुसली, पाय पुसले. बोटांच्या बेचक्या राहू दिल्या. गाऊन चढवताना त्यांचा लुळा हात बाहीत जाईना. मी कान बाहेर लावून होते. कुणी किंचाळतंय का, कुणी रडतंय का, सायरन येतोय का. नुसता तो अलार्म. माणसाचा आवाज नाही, हे चांगलं की वाईट तेही कळेना. वॉकर धरून बाथरूमपासून खुर्चीपर्यंत अकरा पावलं होती, आजोबा एकेक पाऊल टाकत होते, आणि मी त्यांच्या मागे कमरेला धरून चालत होते आणि मनात म्हणत होते, कुणी नसू दे, कुणी नसू दे.

मग मी धावले. रबरी हातमोजे तसेच हातात.

गाडी उलटी घरंगळत सहा घरं खाली गेली होती. वळणावर फूटपाथवर चढून तिनं एक लाकडी लेटरबॉक्स मुळासकट उपटला होता आणि ती एका निळ्या गाडीच्या कुशीत मागच्या टोकानं घुसली होती. मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं. लेटरबॉक्सची फळी होती, कुणाचंतरी पत्र होतं. दुसरं काही नव्हतं. खाली बसस्टॉपकडे दोन मुली छत्रीखाली उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. धडधाकट. मला तिथंच रस्त्यावर बसून राहावंसं वाटलं.

घरातून एक माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, पायात नुसते मोजे. त्यानं किल्लीनं अलार्म बंद केला आणि एकदम इतकं शांत झालं की मला माझा श्वास ऐकू यायला लागला.

‘तुझी?’

‘माझी.’

‘तुला लागलं नाही ना?’

‘मी आत नव्हते. मी वर काम करत होते. हँडब्रेक बहुतेक पुरता ओढला नव्हता...’

त्यानं माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, युनिफॉर्मकडे पाहिलं. मग निळ्या गाडीला एक चक्कर मारून आला. मागचं दार आत दबलं होतं, चाकावरचा पत्रा फाटला होता. गाडी विजेवर चालणारी, अगदी नवी होती. आतल्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

‘असू दे,’ तो म्हणाला. ‘माणसाला लागलं नाही ना, मग ठीक. इन्शुरन्स असतो कशासाठी? कुणाकडे आहे तुझा?’

मला अजून आठवतं, मी एक क्षणही विचार केला नाही. ‘आहे,’ मी म्हणाले. ‘कागद घरी आहेत. संध्याकाळी डिटेल्स पाठवते.’

‘स्वीट अ‍ॅज,’ म्हणजे ‘मस्त, चालेल’, असं म्हणून त्यानं मला फोन नंबर दिला. वर ‘चहा घेतेस का? थरथरतेयस,’ असंही विचारलं.

विमा नव्हता. अकरा महिने नव्हता.

आमच्या घरी वडिलांची स्कूटर होती. तिचा विमा संपायच्या आठवडाभर आधी वडील ऑफिसात जाऊन नवा करून आणायचे, कारण नाक्यावर पोलिसानं अडवलं तर तो कागद लागायचा. इथे आल्यावर कळलं की इथे असा कायदाच नाही. गाडीची रेगो, म्हणजे नोंदणीची फी, भरायची, आणि गाडी तपासून वॉरंट ऑफ फिटनेस हा दाखला घ्यायचा. ते माझं सगळं वेळेवर होतं. रेगोच्या पैशातच सरकारी अपघात योजनेचा वाटा असतो. अपघातात माणसाला इजा झाली तर चूक कुणाचीही असो, दवाखान्याचा खर्च त्या योजनेतून होतो. पण दुसऱ्याच्या पत्र्याला लागलं तर ते ज्याचं त्यानं बघायचं. ज्याला परवडतं तो विमा घेतो. सुरुवातीला आम्हीही घेतला होता. मग नवऱ्याच्या गोदामातल्या शिफ्ट कमी झाल्या, भाडं वाढलं, एका महिन्यात बँकेतून हप्ता गेला नाही आणि पॉलिसी बंद झाल्याचा ईमेल आला. पुढच्या महिन्यात सुरू करू, असं आम्ही म्हणालो. दर महिन्याला म्हणालो.

आणि त्या अकरा महिन्यांत मी रोज त्या टेकड्यांवर गाडी चालवत होते. सिग्नलला पुढे एखादी महागडी गाडी आली की मी दोन गाड्यांचं अंतर ठेवून थांबायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. गणपतीत जॉन्सनव्हिल उपनगरात आमच्यातले बरेच लोक जमतात, बहुतेक आयटीतले. तिथं एकदा कुठल्या कंपनीचा विमा काच फुटल्यावर फुकट बदलून देतो यावर चर्चा रंगली होती. मी प्रसादाच्या वाट्या भरत राहिले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. आमची मुलगी कार्पेटवर चित्र काढत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, म्हणून त्यानं तिला आतल्या खोलीत पाठवलं.

‘तू त्याला काय सांगितलंस नक्की?’

‘विमा आहे म्हणाले.’

‘कंपनीचं नाव सांगितलंस?’

‘नाही.’

त्यानं लॅपटॉप उघडला. मला वाटलं, दुरुस्तीचा खर्च किती येईल ते बघतोय. थोड्या वेळानं त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका विमा कंपनीचा फॉर्म होता, आमच्या गाडीचा नंबर भरलेला.

‘आत्ता घेतला तर आत्तापासून सुरू होतो,’ तो म्हणाला. ‘त्या माणसाला सांग की कागद सापडायला एक दिवस लागला. क्लेममध्ये तारीख उद्याची टाकायची.’

‘त्याच्या अलार्मला अख्खी गल्ली बाहेर आली होती.’

‘गल्लीला कोण विचारतंय?’

‘आणि त्यानं विचारलं तर?’

‘त्याला त्याचे पैसे मिळण्याशी मतलब. तो कशाला बोलेल?’

मी स्क्रीनकडे बघत होते. फॉर्मच्या खाली एक चौकोन होता: वर दिलेली सर्व माहिती खरी आहे. त्यात नुसती खूण करायची होती. मला मोह झाला नाही, असं खोटं मी सांगणार नाही. मी माउसवर हात ठेवला होता. नवरा वाईट माणूस नाही, आयुष्यात त्यानं कुणाचा रुपया बुडवलेला नाही. तो घाबरला होता. पण सकाळी ज्या सहजपणे माझ्या तोंडून ‘आहे’ निघालं होतं, त्याचीच मला भीती वाटायला लागली होती. आता याच्यावर खूण केली तर पुढे प्रत्येक फोनवर, प्रत्येक कागदावर मला तेच पुन्हा म्हणावं लागणार होतं.

‘बंद कर,’ मी म्हणाले.

‘मग काय करणारेस?’

‘उद्या त्याला जाऊन खरं सांगते.’

‘आणि मग तो म्हणेल, ठीक आहे ताई, जाऊ द्या?’ त्यानं लॅपटॉप आपटूनच मिटला. आतून मुलीनं विचारलं, ‘व्हॉट हॅपन्ड?’ आम्ही दोघंही एकदम ‘काही नाही’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी बसनं गेले आणि टेकडी चालत चढले. निळ्या गाडीच्या दाराला त्यानं प्लॅस्टिक चिकटवलं होतं. दार त्यानंच उघडलं आणि हसला. माझा चेहरा बघून हसू कमी झालं.

‘मी काल तुम्हाला खोटं सांगितलं,’ मी म्हणाले. वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, पण एवढंच निघालं. ‘माझा विमा नाही.’

मग मी बोलत सुटले: हप्ता थांबला, पॉलिसी बंद झाली, मी थोडे थोडे करून देईन.

‘हे काल का नाही सांगितलंस?’

‘भीती वाटली.’

‘गाडीचं माझी इन्शुरन्स कंपनी बघेल,’ तो म्हणाला. ‘ती माझ्यासाठी आधी भरेल आणि नंतर तुझ्यामागे लागेल, ते तुझं तू बघ. पण मी काल बायकोला सांगितलं होतं की बाई सरळ आहे, रस्त्यावर उभं राहून सरळ बोलली.’ एवढं म्हणून त्यानं दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी मी आमच्या कोऑर्डिनेटरला फोन करून सांगितलं. तेही सांगावंच लागणार होतं, कारण आम्ही आमच्याच गाड्यांनी फिरतो, आणि नोकरी लागताना प्रत्येकानं गाडीचा विमा चालू ठेवण्याच्या अटीवर सही केलेली असते. सही केली तेव्हा माझा होता. ती बाई चांगली होती, पण तिचेही हात बांधलेले. विम्याचा कागद दाखवेपर्यंत गाडीच्या फेऱ्या बंद. चालत जाता येतील अशी तीन घरं तिनं मला दिली. माझी बाकीची माणसं दुसऱ्यांकडे गेली. आजोबाही गेले. त्यांनी फोन करून सांगितलं की नवी मुलगी चहात दूध आधी घालते.

मग निळ्या गाडीच्या विमा कंपनीचं पत्र आलं. त्यातला आकडा मी इथे लिहीत नाही. तो वाचून नवरा खुर्चीत बसला आणि त्यानं बूट काढले, पुन्हा घातले. चौदा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर वसुली, मग कोर्ट. ते पत्र आम्ही फ्रिजवर लावलं, मग मुलगी वाचेल म्हणून काढून कपाटात ठेवलं. चौदातले नऊ दिवस मी ते कपाट उघडलं नाही.

दहाव्या दिवशी लायब्ररीत मुलीची पुस्तकं परत करताना मला भिंतीवर फुकट कायदेशीर सल्ल्याचा कागद दिसला. तिथली वकील बाई साठीची होती, पांढरे केस, गळ्यात हिरव्या दगडाचं पेंडंट. ‘किया ओरा, बस,’ असा इथला नमस्कार करून तिनं पत्र हातात घेतलं आणि मी बोलायला लागले. हँडब्रेकपासून खोट्यापर्यंत सगळं. ती मधे फक्त एकदा थांबवून म्हणाली, ‘आंघोळ अर्धी टाकून तू बाहेर गेली नाहीस?’

‘कशी जाणार?’

तिनं मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. तासाभरात पत्र तयार झालं: आमचं उत्पन्न, आमचा खर्च, दर आठवड्याला किती देता येईल. तिनं मला एक गोष्ट समजावली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. कंपनी मागेल ते सगळं मुकाट्यानं मान्य करायचं नसतं. दुरुस्तीची बिलं मागता येतात, हप्ते मागता येतात. कंपनीनं तीन पत्रांनंतर हप्ते मान्य केले. ते अजून चालू आहेत.

तिसऱ्या भेटीत तिनं पेन खाली ठेवलं.

‘तुला एक विचारायचंय. नाही म्हणालीस तरी चालेल.’

तिच्यासारख्या काही जणांनी संसदेकडे एक अर्ज केला होता. मागणी साधी होती. ज्यांचं उत्पन्न कमी आहे आणि सरकारी सवलतीचं कार्ड आहे, अशा चालकांसाठी सरकारच्या पाठबळानं चालणारा स्वस्त विमा असावा. स्वतःच्या गाडीसाठी नव्हे, फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. संसदेची एक समिती त्यांचं म्हणणं ऐकणार होती. ‘मी कायद्याचं बोलेन,’ ती म्हणाली. ‘पण त्यांच्यासमोर असं कुणीतरी बसायला हवं ज्याच्या बाबतीत हे घडलंय.’

नवऱ्याला हे पटलं नाही. आमचा नागरिकत्वाचा अर्ज त्या वर्षी जायचा होता.

‘संसदेत जाऊन सांगणार की मी खोटं बोलले? त्याचं रेकॉर्ड राहतं. कायमचं.’

‘विमा नसणं गुन्हा नाही. तिनं सांगितलंय.’

‘खोटं बोलणं?’

‘त्या माणसाशी खोटं बोलणंही गुन्हा नाही.’

‘मग ती लेखी देतेय का की अर्जाला काही होणार नाही म्हणून?’

ती देत नव्हती. मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, माझ्या मते काही होणार नाही, पण वचन देणं माझ्या हातात नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी फक्त मुलीच्या डब्याबद्दल बोललो.

जाण्याआधी मला त्या निळ्या गाडीवाल्याला विचारायचं होतं. वकील बाई म्हणाली गरज नाही, नाव घ्यायचं नाही. पण मला ते बरं वाटेना. शनिवारी गेले तेव्हा तो नव्या लेटरबॉक्सला रंग देत होता. गाडी दुरुस्त होऊन आली होती. मी काय आहे ते सांगितलं. तो रंग देत राहिला.

‘स्वस्त विमा?’ तो म्हणाला. ‘माझं मत विचारशील तर सक्तीचा करायला हवा. विमा नाही त्यानं गाडी रस्त्यावर आणू नये.’

‘मग मी कामावर कशी जाणार?’

‘तो माझा प्रश्न नाही.’ ब्रश डब्यात बुडवून त्यानं कडेला निथळला. ‘पण जा, सांग. फक्त सगळं सांग. मला काय म्हणालीस तेही.’

समितीची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. लांब टेबल, त्यामागे सहा-सात सभासद, दोघं स्क्रीनवर. आम्हाला मिळून पंधरा मिनिटं होती. मी आधीच्या रात्री मुलीची शाळेची व्हाइटबोर्ड पेनं घेऊन मुद्दे लिहिले होते, पण माझा कागद घामानं ओला झाला आणि शाई पसरली. वकील बाईचं बोलणं झालं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी घडलं तसं सांगितलं. आजोबा, शॉवर, ओल्या रस्त्यावरचा कोरडा चौकोन. त्या माणसानं विमा विचारला आणि मी आहे म्हणाले, हेही. मग म्हणाले, ‘त्या सकाळी एखादं मूल गाडीखाली आलं असतं तर त्याच्या उपचाराची सोय या देशानं आधीच करून ठेवली होती. त्यासाठी मी रेगोतून पैसे भरले होते, आणि ते मला परवडत होते, कारण ते सगळ्यांकडून थोडे थोडे घेतात. मी एवढंच विचारतेय की पत्र्यासाठी तसं का नाही.’

एका सभासदानं चष्मा वर केला. ‘जे लोक दर महिन्याला इमानदारीनं हप्ता भरतात, त्यांनी तुमच्यासाठी का भरावं?’

वकील बाई उत्तर द्यायला पुढे झाली, पण त्यानं माझ्याकडे बोट केलं होतं.

‘तेच आत्ताही भरतायत,’ मी म्हणाले. ‘त्या गाडीची दुरुस्ती त्यांच्या कंपनीनं केली. माझ्याकडून पूर्ण पैसे मिळायला तिला कित्येक वर्षं लागतील. तोवर ते कुणाच्या हप्त्यातून गेले? मला फुकट नकोय. मला परवडेल असा हप्ता द्या, मी भरेन.’

‘नक्की भराल?’

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या खोलीत मला पुन्हा सोपं उत्तर द्यायचं नव्हतं. ‘एखाद्या महिन्यात कदाचित चुकेल,’ मी म्हणाले. ‘म्हणून एक हप्ता चुकला की लगेच पॉलिसी बंद होऊ नये, हेही त्यात घाला.’

कोपऱ्यात बसलेली एक सभासद बाई हलकेच हसली आणि तिनं काहीतरी लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, ‘त्या दिवशी खोटं का बोललात? कायद्यानं तुम्ही काही चुकीचं केलं नव्हतं.’

हा प्रश्न मी स्वतःला कितीतरी वेळा विचारला होता. ‘तो माझ्याशी चांगला वागत होता,’ मी म्हणाले. ‘विमा नाही म्हटलं की तो तसं वागणं थांबवेल, असं वाटलं.’

पंधरा मिनिटं संपली. आम्ही बाहेर आलो. वकील बाईनं मला एक मिठी मारली आणि तिला दुसरी मीटिंग होती म्हणून ती गेली. मी ट्रेननं हटला परतले. दुपारचं एक घर बाकी होतं.

समितीचा अहवाल काही महिन्यांनी आला. नवऱ्यानंच शोधून काढला आणि मोठ्यानं वाचला. अर्जदारांचे आभार मानले होते, अनुभव सांगणाऱ्या महिलेचे विशेष आभार होते. सरकारचा सध्या असा काही विचार नाही, याची समितीनं नोंद घेतली होती. शिफारस कुठलीच नव्हती. अडीच पानं.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. इतका की मी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. नवरा मागे येऊन उभा राहिला. ‘तुझं ते हप्त्याचं वाक्य घेतलंय त्यांनी,’ तो म्हणाला. ‘तू म्हणालीस तसंच.’ आमच्या दोघांत त्या विषयावरचं ते पहिलं बरं वाक्य होतं. त्याआधीच त्यानं शनिवारची शिफ्ट घेतली होती आणि आम्ही सगळ्यात साधा, फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा घेतला होता. अपघातानंतर तो आणखी महाग झाला. कागद दाखवल्यावर माझ्या फेऱ्या परत सुरू झाल्या. आजोबा मात्र परत मिळाले नाहीत. त्यांना त्याच महिन्यात वृद्धाश्रमात हलवलं. मी रविवारी कधीकधी जाते. उतारावर चाक कडेच्या दगडाकडे वळवून गाडी गिअरमध्ये कशी ठेवायची, हे त्यांनी मला त्यांच्या बिछान्यावर चमचा-बशीनं दाखवलं.

नागरिकत्वाचा अर्ज गेलाय. उत्तर यायचंय. टपालाची गाडी थांबली की नवरा अजून उठून खिडकीशी जातो.

अहवालानंतर महिन्याभरानं आमच्याच कामातल्या एका बाईचा फोन आला. समोआ बेटांवरची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. कामावर आम्ही नुसतं हसून पुढे जायचो. तिनं समितीतलं माझं बोलणं ऑनलाइन ऐकलं होतं.

‘माझापण नाही,’ ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, ‘दोन वर्षं झाली. घरात कुणाला माहीत नाही. काल एकाला अगदी थोडक्यात धडकता धडकता वाचले. तू ज्या वकील बाईकडे गेलीस ना, तिथं माझ्याबरोबर येशील?’

मंगळवारी आम्ही दोघी गेलो. बाहेरच्या बाकावर ती हँडबॅगची चेन उघडझाप करत बसली होती. आत बोलावलं तेव्हा ती उठेना. मी आधी उठले आणि दार धरून उभी राहिले. मग ती आली.